हल्ली काय बघितलंस?

परवा दुपारी भाचीचा मेसेज आला, मावशी हल्ली काय छान बघितलंस-वाचलंस-ऐकलंस, तीन नावं सांग, वीकेंडला काहीतरी पाहिजे. मी उत्साहाने टाइप करायला घेतलं आणि मग लक्षात आलं की माझ्या तीन नावांच्या वयाची बेरीज तीनशेच्या घरात जातेय. पुसून टाकलं. परत लिहिलं. चहा टाकला.

वाचलं म्हणजे लक्ष्मीबाई टिळकांचं आत्मचरित्र, 'स्मृतिचित्रे', पुन्हा वाचलं. १९३४ पासूनचं. लक्ष्मीबाईंच्या वडिलांचं ते सोवळं, मीठसुद्धा धुवून घ्यायचं, यावर मी शाळेत असताना पोट धरून हसले होते, अहो मीठ धुतल्यावर उरणार काय! या वेळी हसू आलं पण अर्ध्यातच थांबलं, कारण २०२० मध्ये आमच्या बेसिनवर दुधाच्या पिशव्या साबणाने धुवून ओळीने निथळत ठेवणारी बाई मीच होते. कोथिंबीर सुद्धा. जाऊ दे.

ऐकलं म्हणजे गौहर जान, जुन्या काळातली गायिका. १९०२ ला कलकत्त्यात ध्वनिमुद्रण झालं तेव्हाच्या तबकड्या, जेमतेम तीन मिनिटांच्या, त्यात सगळा राग कोंबायचा. खरं सांगायचं तर मी गाण्यासाठी ऐकतच नाही, शेवटासाठी ऐकते. गाणं संपतं आणि बाई ठसक्यात इंग्रजीत स्वतःचं नाव सांगतात. तबकड्या बनायच्या जर्मनीत हॅनोव्हरला, तिथल्या माणसांना कळायला नको का कोणाची कुठली ते, म्हणून. म्हणजे पार्सलवर नाव लिहितात तसंच, पण काय तोरा! नवरा म्हणतो तू सारखी शेवटचे दहा सेकंद का लावतेस. लावते.

आणि बघितला 'कुंकू'. प्रभातचा, शांतारामांचा, १९३७. म्हाताऱ्या काकासाहेबांशी फसवून लग्न लावून दिलेली नीरा, म्हणजे शांता आपटे, नवरा मानायलाच तयार नाही, ही गोष्ट माहीत होतीच. मला माहीत नव्हतं ते हे, की पिक्चरला पार्श्वसंगीतच नाहीये. रडायचा सीन आला की व्हायोलिन येणार म्हणून आपण तयारीत बसतो आणि ती येतच नाहीत, नुसते घरातले आवाज. आणि काकासाहेबांचं भिंतीवरचं घड्याळ, मधेच बंद पडणारं. मी तर नंतर नंतर माणसांकडे बघायचं सोडून घड्याळाकडेच बघत होते.

आमच्या आजोबांचं असंच होतं. लंबकवालं, काचेच्या दारातून आत दोन भोकं, एक वेळेचं एक टोल्यांचं. दर रविवारी आंघोळीनंतर स्टुलावर चढून आजोबा किल्ली द्यायचे, स्टूल मी धरायचं, आणि किती वेढे दिले ते मोठ्याने मोजायचं पण मीच, चुकले की ते हात तसाच धरून थांबायचे, रागवायचे नाहीत, फक्त थांबायचे. ते थांबणं रागावण्यापेक्षा वाईट. किल्ली नंतर देवघरातल्या डब्यात, उदबत्त्यांच्या शेजारी, म्हणून किल्लीला कायम चंदनाचा वास. दुपारी सगळे झोपले की मी चटईवर पडून टोल्यांची वाट बघायची, आणि टोले पडायच्या आधी आत काहीतरी खर्रर्र व्हायचं, घसा साफ केल्यासारखं, तेच मला आवडायचं, टोल्यांपेक्षा जास्त.

आता ते घड्याळ काकांकडे आहे, शोसाठी, आत बॅटरीचं मशीन बसवून घेतलंय. टाइम अगदी करेक्ट दाखवतं म्हणे.

भाचीला शेवटी 'कुंकू' एवढंच लिहून पाठवलं. तिने विचारलं, नवीन आहे का? मी अंगठा पाठवला.

मग बसल्या बसल्या आजोबांचा आवाज आठवायचा प्रयत्न केला. शब्द आठवतात, आवाज नाही. खोकला तेवढा आठवतो.