स्पेशालिस्टकडची फेरी फुकट जाऊ नये म्हणून

डॉक्टर विचारतात, "मागचा इको कुठे आहे?" आणि तो हृदयाच्या सोनोग्राफीचा रिपोर्ट असतो डोंबिवलीला, घरच्या कपाटात. पेशंट बसलेला असतो दादरच्या क्लिनिकमध्ये. मग एकतर इको पुन्हा करायचा, नाहीतर अर्धा दिवस मोडून पुन्हा यायचं. फुकट गेलेल्या फेऱ्यांमागे बहुधा असंच काहीतरी साधं राहून गेलेलं असतं.

सुरुवात फोनपासूनच करा. मुंबईत एकच डॉक्टर सोमवारी दादरला, मंगळवारी अंधेरीला आणि शनिवारी ठाण्याला बसतात, तेव्हा वाराबरोबर जागाही पक्की विचारून घ्या. एका ठिकाणची तुमची फाइल दुसरीकडच्या कॉम्प्युटरवर दिसेलच असं नाही. वेळ ठरलेली आहे की नंबर लागतो, रिपोर्ट दाखवायला वेगळी फी आहे का आणि किती दिवसांत दाखवले तर ती लागत नाही, येण्याआधी काही टेस्ट करून आणायच्या आहेत का, हे त्याच फोनमध्ये विचारा. नंबर असेल तर घरून निघण्याआधी पुन्हा एक फोन करा. तुमचा २२वा नंबर, सातवा आत गेलाय आणि प्रत्येकाला १० मिनिटं धरली, तर अडीच तास आहेत. सर्जन किंवा बाळंतपणं करणाऱ्या डॉक्टर असतील तर "ओटीतून (ऑपरेशन थिएटरमधून) सुटल्या का?" हेही विचारायचं. त्यात काही वावगं नाही, काउंटरवरच्या माणसाला या प्रश्नाची सवय असते.

केईएम, सायन, नायर या पालिकेच्या हॉस्पिटलांचं गणित वेगळं. तिथली ओपीडी युनिटप्रमाणे, म्हणजे डॉक्टरांच्या ठरलेल्या गटाप्रमाणे, चालते आणि प्रत्येक युनिटचा वार ठरलेला असतो. केसपेपरवर युनिट बघा आणि पुढच्या वेळीही त्याच वारी जा. भलत्या वारी गेलात तर समोर दुसरं युनिट येतं आणि सगळी हकीकत पहिल्यापासून सांगावी लागते. १४ आकडी आभा नंबर (सरकारी आरोग्य ओळख क्रमांक) मोबाइलवर काढून ठेवला असेल, तर जिथे क्यूआर स्कॅनची सोय आहे तिथे केसपेपरच्या रांगेतला वेळ वाचतो.

आता औषधं. सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो, म्हणून जरा सविस्तर लिहिते. "बीपीची पांढरी गोळी, सकाळी अर्धी" एवढ्यावरून कुठल्याच डॉक्टरला काही कळत नाही. नुसतं "टेल्मा चालू आहे" म्हटलं तरी प्रश्न उरतोच, कारण साधी टेल्मा, टेल्मा-एएम आणि टेल्मा-एच ही तीन वेगळी औषधं आहेत. एएममध्ये बीपीचं दुसरं औषध मिसळलेलं असतं, एचमध्ये लघवी वाढवणारं. रक्त पातळ करणारी इकोस्प्रिन आणि इकोस्प्रिन-एव्ही यांचंही तसंच. एव्हीमध्ये कोलेस्टेरॉलची गोळी आधीच असते, आणि हे लक्षात आलं नाही तर तीच गोळी वेगळी लिहून दिली जाते आणि डोस दुप्पट होतो. म्हणून यादी करण्यापेक्षा पाकिटंच पिशवीत घालून न्या. केमिस्ट पाकीट कापून देतो तेव्हा बघा, हातात येणाऱ्या तुकड्यावर नुसतं "एमजी" उरतं, नाव आणि आकडा दुसऱ्या तुकड्यावर गेलेला असतो. नाव असलेला तुकडा संपेपर्यंत फेकू नका, गोळ्या दुसऱ्या बाजूने काढा. आयुर्वेदिक काढे, केसांसाठीच्या गोळ्या, गुडघ्यासाठी अधूनमधून घेतलेली पेनकिलर, हेही पिशवीत हवं. किडनीच्या डॉक्टरांना तर ती पेनकिलर बाकी सगळ्यापेक्षा महत्त्वाची वाटते.

फाइल लावताना डिस्चार्ज समरी सगळ्यात वर. त्याखाली एका प्रकारचे रिपोर्ट एकत्र आणि त्यात नवा वर. क्रिॲटिनिनचे (किडनीच्या रक्ततपासणीचे) चार रिपोर्ट एकापाठोपाठ दिसले की आजार कुठे चाललाय ते लगेच कळतं. एमआरआयची सीडी आणि फिल्म दोन्ही न्या. व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या फिल्मच्या फोटोवरून सर्जन काही ठरवू शकत नाहीत. ईसीजीचा गुलाबी चौकटींचा कागद बहुतेकदा थर्मल असतो. प्लास्टिकच्या पाकिटात काही महिने राहिला की रेघा पुसट होतात, आणि जपावा म्हणून लॅमिनेट केलात तर मशिनच्या उष्णतेने काळा पडतो. झाल्या दिवशीच झेरॉक्स काढून ठेवा.

टेस्टच्या वेळाही सांभाळा. थायरॉइडचं रक्त सकाळची गोळी घेण्याआधी द्यायचं. केसांच्या गोळ्यांत बायोटिन असेल तर डॉक्टरांना विचारून ती निदान दोन दिवस आधी थांबवा, नाहीतर थायरॉइडच्या टेस्टमधला टीएसएचचा आकडा फसवा येऊ शकतो. जेवणानंतरच्या साखरेचे दोन तास पहिल्या घासापासून मोजतात, हात धुतल्यापासून नाही. एचबीएवनसीला (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेच्या टेस्टला) उपाशी राहायची गरज नाही. साखरेची गोळी किंवा इन्सुलिन घेऊन तुम्ही रांगेत बसणार असाल तर डबा बरोबर हवाच, नंबर लांबला की साखर उतरते. रक्त पातळ करणारी गोळी मात्र स्वतःच्या मनाने कधीही बंद करू नका.

बीपीसाठी जाणार असाल तर आधीच्या सात दिवसांची घरची नोंद न्या. पाच मिनिटं शांत बसून, पाठ टेकून, हात छातीच्या पातळीवर ठेवून, सकाळ-संध्याकाळ दोन-दोन वेळा, मध्ये एक मिनिट थांबून. आधीच्या अर्ध्या तासात चहा नको. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे बाहुली मोठी करणारे थेंब घातले तर काही तास धूसर दिसतं. गाडी चालवायची नाही आणि गर्दीच्या लोकलला एकट्याने लटकायचं नाही. फिट येत असेल तर घरच्यांनी मोबाइलवर घेतलेला अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ न्यूरॉलॉजिस्टला लांबलचक वर्णनापेक्षा जास्त सांगतो.

आत गेल्यावर पहिलं वाक्य त्रासाचं असू द्या: काय होतंय, कधीपासून, कशाने वाढतं. "दोन हजार अठरापासून सांगतो" अशी सुरुवात झाली की वेळ तिथेच संपतो. विचारायचे तीन प्रश्न चिठ्ठीवर लिहून न्या. बरोबर दोघं असतील तर बोलायचं एकाने, दुसऱ्याने लिहून घ्यायचं.

पावती शिक्क्याची घ्या आणि त्यावरचं नाव मेडिक्लेमच्या पॉलिसीतल्या नावाशी जुळतंय का बघा. पुढे ॲडमिट व्हावं लागलं तर त्याआधीच्या साधारण ३० दिवसांतली बिलं बऱ्याच पॉलिसीत त्याच आजारासाठी मागता येतात, पण मूळ बिल आणि चिठ्ठी लागते.

आणि बाहेर पडण्याआधी नवी चिठ्ठी हातात धरून एकदा विचाराच: "आधीच्यातल्या कुठल्या बंद?" चिठ्ठीवर नव्या गोळ्या लिहिलेल्या असतात, बंद केलेल्या बरेचदा तोंडीच सांगितल्या जातात. घरी पोहोचलात की बंद झालेली पाकिटं त्याच संध्याकाळी गोळ्यांच्या डब्यातून बाहेर काढा.