उद्या चाळिसावी गाठ

गुरुवार, ११ जुलै २०१९, वेंगुर्ले

सकाळपासून पावसाने उसंत दिलेली नाही. दुपारी घटकाभर उघडीप मिळाली तेव्हा माळ्यावरची रॅकेट खाली काढली. पकडीच्या चामड्यावर पांढरा बुरा आला होता, आणि तारांवर बोट मारून पाहिले तर नेहमीच्या टणत्काराऐवजी ओल्या ढोलकीसारखा बद्द आवाज आला. खेळण्यासाठी ती काढलेली नव्हतीच, कारण जूनमध्ये जाळे उतरवले की आमच्या मुरमाच्या कोर्टावर ऑक्टोबरपर्यंत कोणी फिरकत नाही. जुलैत तिथे घोट्याएवढे गवत उगवते, म्हणजे वर्षातले दोन महिने आमचेही कोर्ट हिरवळीचेच असते, फक्त त्यावर म्हशी चरतात. परंतु उद्या विम्बल्डन टेनिस स्पर्धेच्या उपांत्य फेरीत रॉजर फेडरर आणि राफाएल नदाल समोरासमोर उभे राहणार आहेत, आणि मला माझा तो फेडररसारखा एकहाती बॅकहँड, म्हणजे उजवा हात डावीकडे नेऊन मारायचा फटका, एकदा हवेत तरी फिरवून पाहायचा होता.

गावात या सामन्याविषयी बोलायला माणूस नाही. काल मँचेस्टरला न्यूझीलंडने आपल्याला १८ धावांनी हरवले, आणि सकाळी दुधाच्या रांगेपासून पोस्टापर्यंत सगळीकडे धोनी धावचीत झाल्याची हळहळ चालली होती. मीही त्यात भाग घेतला, पण खरे सांगायचे तर माझे मन त्यात नव्हते. काल संध्याकाळी फेडररने निशिकोरीला चार सेटमध्ये हरवून विम्बल्डनवरचा आपला शंभरावा विजय मिळवला आणि नदालने क्वेरीला सरळ सेटमध्ये गुंडाळले, त्या क्षणापासून माझ्या डोक्यात एकच हिशेब सुरू आहे.

आजवर दोघे ३९ वेळा भेटले आहेत. त्यांत २४ वेळा नदाल जिंकला, १५ वेळा फेडरर. हा आकडा जो तो तोंडावर फेकतो, पण तो फोडून पाहिल्याशिवाय काही सांगत नाही. तांबड्या मातीवर नदाल १४ आणि फेडरर २, कठीण कोर्टावर फेडरर ११ आणि नदाल ९, आणि हिरवळीवर केवळ तीन गाठी, तिन्ही विम्बल्डनच्या अंतिम सामन्यात. २००६ आणि २००७ मध्ये फेडरर जिंकला, २००८ मध्ये नदाल. त्यानंतर तब्बल ११ वर्षे या स्पर्धेत दोघांची गाठ पडली नाही. उद्याची गाठ एकूण चाळिसावी. एकाला पुढच्या महिन्यात ३८ वे वर्ष पूर्ण होईल, दुसऱ्याला गेल्या महिन्यात ३३ वे झाले. आणखी किती वेळा ही संधी मिळेल, हा विचार मी दूर ठेवतो आहे.

मी फेडररच्या बाजूचा आणि शेजारचे आबा नदालच्या. आबा नदालसारखेच डावखुरे आहेत, त्यामुळे त्यांनी बाजू निवडली असे म्हणता येत नाही. उद्या एकादशीला ते विठ्ठलाच्या देवळात पखवाज वाजवतील, तोही उलटा धरून. सुमारे वीस वर्षे आम्ही एकमेकांविरुद्ध खेळलो आणि माझी हार कुठे ठरत असे हे मी डोळे मिटूनही दाखवू शकेन. गुण ३०-४० झाला किंवा ४०-४० नंतर कोणाला ॲडव्हान्टेज, म्हणजे एका गुणाची आघाडी, मिळाली की पुढची सर्व्हिस परतवणाऱ्याच्या डाव्या अर्ध्यात पडते. डावखुऱ्या माणसाने तिथे चेंडू कापून मारला की तो टप्पा पडल्यावर बाहेरच्या बाजूला पळतो, उजव्या हाताने खेळणाऱ्याच्या बॅकहँडपासून दूर. आपण त्याच्यामागे गटाराच्या कडेपर्यंत जावे, कसाबसा चेंडू परतवावा आणि वळून पाहावे तो सगळे कोर्ट मोकळे पडलेले. १५-४० सोडला तर सर्व्हिस मोडण्याची, म्हणजे समोरच्याच्या सर्व्हिसवरचा गेम जिंकण्याची, प्रत्येक संधी याच बाजूने येते. टेनिसच्या गुणपद्धतीने डावखुऱ्यांवर केलेली ही मेहेरबानी आहे, आणि आबांनी ती वीस वर्षे निर्लज्जपणे वापरली.

म्हणून २००७ मध्ये पॅरिसच्या फ्रेंच ओपनच्या अंतिम सामन्यात फेडररला सर्व्हिस मोडण्याच्या १७ संधी मिळून एकच साधली आणि २००८ च्या विम्बल्डनमध्ये १३ पैकी एकच, तेव्हा लोक त्याच्या मनोधैर्याविषयी लिहीत होते आणि मला मात्र तो गटाराचा कठडा आठवत होता. त्यातच नदालचा फोरहँड, म्हणजे रॅकेटच्या हाताच्याच बाजूने मारलेला फटका. चेंडूला दिलेल्या जबर फिरकीमुळे तो टप्प्यानंतर खांद्याच्या वर उसळतो, आणि खांद्यावरचा चेंडू एका हाताने रेटणे म्हणजे फणसाच्या झाडावरचा फणस बांबूने ढकलण्यासारखे आहे. अंगातला जोर तिथपर्यंत पोहोचतच नाही.

२००८ ची ती रात्र याच खोलीत काढली होती. तिथेही पाऊस, इथेही पाऊस. दोन सेट मागे पडलेला फेडरर चौथ्या सेटच्या टायब्रेकमध्ये, म्हणजे बरोबरीत अडलेला सेट सोडवणाऱ्या गेममध्ये, ७-८ वर होता, नदालच्या हाती मॅच पॉइंट होता, म्हणजे आणखी एक गुण मिळाला की सामना त्याचा, आणि पुढे सरकलेल्या नदालच्या बाजूने फेडररने रेषेलगत बॅकहँड मारला. ज्या बॅकहँडने त्याला आयुष्यभर दगा दिला त्यानेच त्या वेळी सामना वाचवला. मी खुर्चीवरून उठून ओरडलो, घरातले जागे झाले, आणि थोड्याच वेळात दिवे गेले ते पहाटेपर्यंत आले नाहीत. ४ तास ४८ मिनिटांचा तो सामना आपल्याकडे रात्री पावणेदोनच्या सुमारास पाचव्या सेटमध्ये ९-७ असा संपला. मला तो सकाळी सहाला कळला. आबा छत्री घेऊन फाटकाशी उभे होते. तोंडाने एक शब्द बोलले नाहीत, फक्त डावा हात वर केला.

मग उद्या वेगळे काय घडेल? माझी सगळी आशा २०१७ वर आहे. २०१४ मध्ये फेडररने ९० चौरस इंचांची रॅकेट सोडून ९७ चौरस इंचांची घेतली. त्या वेळी मला तो वयाशी केलेला समझोता वाटला होता. प्रत्यक्षात मोठ्या रॅकेटमुळे चुकार बॅकहँडही मधोमध लागू लागला, आणि चेंडू उसळण्याआधीच, टप्प्याच्या जवळ उभे राहून तो मारण्याचे धाडस त्याला आले. २०१७ मध्ये मेलबर्नच्या ऑस्ट्रेलियन ओपनच्या अंतिम सामन्यात पाचव्या सेटमध्ये १-३ ने मागे असताना त्याने सलग पाच गेम घेतले, त्यांत कापून परतवलेले बॅकहँड थोडे आणि सरळ ठोकलेले अधिक होते. त्या वर्षी नदाल त्याला चार वेळा भेटला आणि चारही वेळा हरला.

आबा यावर पॅरिस काढतात. गेल्याच महिन्यात, ७ जूनला, नदालने उपांत्य फेरीत ६-३, ६-४, ६-२ असा सहज विजय मिळवला. पण तो सामना मी निम्माच मोजतो. त्या दिवशी कोर्टावर मातीचे लोट उठत होते, आणि वाऱ्यात एकहाती बॅकहँडचे काय होते हे समुद्रकाठच्या माणसाने मला शिकवू नये. मे महिन्यात चारनंतर खारा वारा सुटला की चेंडू शेवटच्या क्षणी वीतभर सरकतो. दोन हातांनी मारणारा तेवढा बदल मनगटात सामावून घेतो, एका हाताने मारणाऱ्याचा चेंडू मात्र चौकटीला लागून शेजारच्या आंब्यात जातो.

विम्बल्डनची हिरवळ मात्र फेडररला पूर्वीइतकी अनुकूल राहिलेली नाही, हे मला मान्य केले पाहिजे. २००१ पासून तिथे केवळ रायग्रास या एकाच जातीचे गवत पेरतात, त्यामुळे जमीन घट्ट राहते आणि चेंडू पूर्वीपेक्षा उंच व सरळ उसळतो. शिवाय दुसऱ्या आठवड्यापर्यंत बेसलाइनजवळचे, म्हणजे कोर्टाच्या मागच्या रेषेजवळचे, गवत झिजून खाली तपकिरी जमीन दिसू लागते, म्हणजे नदालला त्याची आवडती माती थोडीशी का होईना, मिळतेच. हिरवळीवरील कामगिरी धरून मानांकने ठरवण्याच्या तिथल्या पद्धतीमुळे क्रमवारीत दुसरा असलेल्या नदालला तिसरे मानांकन मिळाले आणि फेडररला दुसरे, त्यावर नदालने नाराजी बोलून दाखवली होती. तीही उद्या कुठेतरी बाहेर पडेल.

मी पहिल्या तासात दोनच गोष्टी पाहणार आहे. डाव्या अर्ध्यातल्या त्या बाहेर पळणाऱ्या सर्व्हिसवर फेडरर मागे सरतो की पुढे येतो, आणि ३०-४० आला की तो बॅकहँड कापतो की ठोकतो. ठोकला तर फेडरर. मला पाच सेट वाटतात. यंदापासून पाचव्या सेटमध्ये १२-१२ झाल्यास टायब्रेक आहे, त्यामुळे २००८ सारखी अखंड ओढाताण होणार नाही.

एक अडचण उरते. आबांचे भजन रात्री नऊपर्यंत चालेल. पहिला उपांत्य सामना, जोकोविच आणि बाउतिस्ता आगुत यांचा, आपल्याकडे साडेपाचला सुरू होईल. जोकोविचने तो दीड तासात उरकला तर आबांचा पहिला सेट हुकणार. म्हणून जोकोविचवर काडीचा राग नसताना मी उद्या संध्याकाळी आगुतने एखादा तरी सेट घ्यावा अशी इच्छा धरून बसणार आहे. मघाशी कुंपणापलीकडून आबांनी विचारले, "इन्व्हर्टर चार्ज केलंस मां?" होय म्हणालो. "मगे बरा. फाल्यां तुझ्या फेडररचा काय खरा नाय हां."

डिशवर आता पुन्हा पाऊस कोसळतो आहे आणि पडद्यावर सिग्नल नसल्याची पाटी आली आहे. सकाळी शिडी लावून ती थोडी पश्चिमेकडून आडोशाला घ्यायची आहे, आणि खिचडीसाठी साबुदाणा आत्ताच भिजत घालायचा आहे.