देणगी येण्याआधी कागद नीट करा

खानापूर, निपाणीकडच्या महिला संस्थांचे पैसे बहुतेक वेळा नावापाशी अडकतात. 1 नोव्हेंबर 2014 पासून 'बेळगाव'चं 'बेळगावी' झालं; नोंदणीपत्रावर जुनं नाव, बँकेत नवं, पॅनवर तिसरंच स्पेलिंग. देणगीदाराचा तपासनीस तिथेच थांबतो. आधी सगळीकडे एकच स्पेलिंग करून घ्या. ठराव मराठीत लिहिले असतील तर कन्नड आणि इंग्रजी प्रत सोबत जोडा.

विदेशी निधीचं जास्त जपावं लागतं. तो दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच यावा लागतो, आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा 20 टक्के. विदेशी निधीच्या कायद्यात (एफसीआरए) 2020 साली झालेल्या दुरुस्तीनंतर पुण्यामुंबईची मोठी संस्था तिला मिळालेला असा पैसा पुढे गावातल्या संस्थेला देऊच शकत नाही. लहान गटांवर हा फार मोठा घाव आहे, असं आमचं स्पष्ट मत.

आणि व्हाउचर! विडी कामगार बाईला प्रवासखर्च दिला, अंगठा घेतला, पण साक्षीदाराची सही नाही, रक्कम अक्षरी नाही. ऑडिटमध्ये तो खर्च नामंजूर. पावती 5000 रुपयांच्या वर असेल तर 1 रुपयाचं रेव्हेन्यू तिकीट हवंच. बैठक संपायच्या आत, बाई समोर असतानाच, हे पूर्ण करा.