पठ्ठा पात्रता फेरीत खेळला: प्रतीक्षायादीचे गणित अखेर जुळले

आपला पठ्ठा, म्हणजे ज्याचा मी सतत माग ठेवतो तो टेनिसपटू, पुण्याच्या चॅलेंजरमध्ये (पुरुषांच्या व्यावसायिक टेनिसच्या एटीपी संघटनेची मुख्य टूरखालची स्पर्धा) पात्रता फेरी खेळला, पहिला सामना जिंकला आणि दुसऱ्यात, मुख्य ड्रॉच्या उंबरठ्यावर, तिसऱ्या सेटच्या टायब्रेकमध्ये हरला. निकाल आपण सर्वांनी पाहिलाच असेल, म्हणून गुणफलक पुन्हा मांडत नाही. पराभव जिव्हारी लागला आहे. तरीही ही नोंद प्रामुख्याने प्रतीक्षायादीविषयी आहे, कारण कित्येक महिने छळणारे ते गणित या वेळी प्रथमच शेवटच्या नावापर्यंत बरोबर सुटले.

२४ जागा, दोन फेऱ्या आणि त्यांतून मुख्य ड्रॉमध्ये जाणारे सहा जण, ही चॅलेंजरच्या पात्रता फेरीची रचना आपल्याला पाठ आहे. पठ्ठ्याची क्रमवारी अशी आहे की यादी लागते तेव्हा त्याचे नाव आत कधीच नसते. ते खाली, ऑल्टरनेटमध्ये, म्हणजे प्रतीक्षायादीत असते. प्रवेशिका बंद होतानाच्या क्रमवारीवर ही यादी ठरत असल्यामुळे त्यानंतर त्याने कितीही सामने जिंकले तरी त्या आठवड्यापुरता त्यांचा उपयोग नसतो. वरच्या खेळाडूंनी माघार घेतली तरच तो वर सरकतो. किती जण माघार घेतील आणि केव्हा, हा खरा प्रश्न.

आजवर मी जुन्या स्पर्धांमधील माघारींची सरासरी काढून अंदाज बांधत होतो आणि तो कधी चार नावांनी, कधी सात नावांनी हुकत होता. यामागे दोन कारणे आहेत. एकाच आठवड्यासाठी खेळाडू अनेक स्पर्धांमध्ये नावे देतात, आणि त्यांचा पसंतीक्रम आपल्याला दिसत नाही. त्यामुळे दूरच्या एखाद्या मोठ्या स्पर्धेत एक जागा रिकामी झाली की तिचा धक्का साखळीने पुण्याच्या यादीपर्यंत येतो. दुसरे म्हणजे, ड्रॉ निघण्यापूर्वी मुख्य यादीतून कोणी गळाला की पात्रता यादीतील पहिला वर जातो आणि आपली यादीही एका घराने हलते. वाइल्ड कार्डचे, म्हणजे आयोजकांनी क्रमवारी न पाहता दिलेल्या थेट प्रवेशाचे, तेच. पात्रता यादीतल्या एखाद्या भारतीय खेळाडूला थेट मुख्य फेरीचे कार्ड मिळाले, तर पठ्ठ्याला एक जागा जवळ येते. सरासरीत हे सारे मिसळून जाते आणि हाती काहीच लागत नाही.

या वेळी मी सरासरी सोडून दिली आणि कोल्हापूरच्या महाद्वार रोडवरून आणलेल्या लांबट हिशेबाच्या वहीत प्रत्येक नावासमोर एकच गोष्ट लिहिली: हा खेळाडू आज कुठे आहे? पात्रता फेरी रविवारी सुरू होते. शनिवारी परदेशात उपांत्य सामना खेळणारा माणूस रविवारी सकाळी पुण्यात, स्पर्धेच्या ठिकाणी बालेवाडीत, रॅकेट घेऊन उभा राहू शकत नाही. शुक्रवारी रात्री पठ्ठ्याच्या वरच्या नावांपैकी पाच जण अन्यत्र खेळत होते, आणि त्याला नेमक्या पाच जागा हव्या होत्या. शनिवारी दुपारपर्यंत त्यांतले चार गळाले. पाचवा मात्र शुक्रवारीच रात्री उशिरा हरला, म्हणजे हिशेबाने तो पुण्याला यायला मोकळा होता. तरीही तो आला नाही आणि पठ्ठा आत गेला. संध्याकाळी रेफरींच्या खोलीबाहेर हजेरी नोंदवून तो बाहेर आला, तेव्हा त्याच्या चेहऱ्यावरचा ताण उतरलेला मला स्पष्ट दिसला.

तो पाचवा का आला नाही, याचा उलगडा हे लिहिता लिहिताच होतो आहे. एकेरीत हरला तरी दुहेरीत तो शनिवारी अंतिम सामना खेळत होता. आताच त्या स्पर्धेचा दुहेरीचा ड्रॉ उघडून पाहिला. म्हणजे वहीत दुहेरीचा स्वतंत्र रकाना हवाच. या क्रमवारीचे बहुतेक खेळाडू खर्च भागवण्यासाठी दोन्ही प्रकार खेळतात, त्यामुळे हा रकाना एकेरीच्या रकान्याइतकाच बोलका ठरेल अशी माझी खात्री आहे. पुढच्या नोंदीत सर्व्हिसचे तक्ते देणार होतो. ते आता मागे पडतील.

सामन्याविषयी थोडेसे. कोल्हापूरहून मुंबईकडे जाणारी गाडी बायपासवर बालेवाडीला सोडते, त्यामुळे स्वारगेटला उतरून शहर ओलांडावे लागत नाही. येणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. दुसऱ्या सामन्यात प्रतिस्पर्धी पठ्ठ्याच्या दुसऱ्या सर्व्हिसवर बेसलाइनच्या दोन पावले आत येऊन उभा राहत होता. पहिल्या सेटमध्ये पठ्ठा बावरला. दुसऱ्यात त्याने टॉस किंचित डोक्यामागे नेला, चेंडू उसळून प्रतिस्पर्ध्याच्या बॅकहँड खांद्यापर्यंत जाऊ लागला आणि तो माणूस सेट संपेपर्यंत पुन्हा रेषेमागे गेला. इतका बदल त्याने भर सामन्यात केलेला मी प्रथमच पाहिला. टायब्रेकमध्ये दोन फोरहँड जाळ्यात गेले आणि सामना निसटला. लकी लूझरसाठी, म्हणजे पात्रता फेरीत हरूनही मुख्य ड्रॉमधील रिकाम्या जागेवर जाण्यासाठी, त्याने नोंद केली होती. एक जागा रिकामीही झाली, परंतु ती वरच्या क्रमवारीच्या खेळाडूकडे गेली.

बालेवाडीला येऊ न शकणाऱ्यांनी एटीपीचे चॅलेंजरचे विनामूल्य प्रक्षेपण पाहावे. एकाच जागी खिळलेल्या कॅमेऱ्याबद्दल अनेक जण कुरकुर करतात. मला तोच अधिक उपयुक्त वाटतो, कारण सर्व्हिस घेणारा कुठे उभा आहे ते त्यात सतत दिसते.

प्रतीक्षायादीत एवढा जीव का गुंतवायचा, असे क्लबमधील एका ज्येष्ठांनी विचारले. मी त्यांना मोनॅकोच्या वाशेरोचे उदाहरण दिले. २०२४ साली पुण्याचे हेच चॅलेंजर व्हॅलेंटिन वाशेरोने जिंकले होते. २०२५ मध्ये शांघाय मास्टर्स या मोठ्या स्पर्धेला तो जगात २०४ वा होता आणि पात्रता फेरीच्याही ऑल्टरनेट यादीत होता. जागा मिळाली, पात्रता फेरी पार झाली, उपांत्य फेरीत त्याने जोकोविचला हरवले आणि अंतिम सामन्यात स्वतःचाच मावसभाऊ आर्तुर रिंडरक्नेश याला हरवून मास्टर्स विजेतेपद मिळवले. आपल्याकडे सुमित नागल २०२४ च्या ऑस्ट्रेलियन ओपनला १३७ व्या क्रमांकावरून तीन पात्रता सामने जिंकून आत गेला, ३१ व्या मानांकित बुब्लिकला सरळ सेटमध्ये हरवले आणि पुढच्याच महिन्यात चेन्नईचे चॅलेंजर जिंकून पहिल्या शंभरात आला. गावोगावच्या जत्रांतील मैदानांपासून एखाद्या मल्लाचा माग ठेवणारी माणसे कोल्हापुरात आजही आहेत. माझा नाद त्याच जातीचा आहे.

आता बंगळूरचे चॅलेंजर. तेथील यादीत पठ्ठ्याला आणखी आठ जागा हव्या आहेत. आठही नावांसमोर एकेरी आणि दुहेरी असे दोन रकाने आखून झाले आहेत. त्यांपैकी तिघे या आठवड्यात दुहेरीतही खेळत आहेत. शुक्रवारच्या रात्रीचे आकडे शनिवारी सकाळी येथे मांडीन. कोणाला दुहेरीचे जुने ड्रॉ चाळायला वेळ असेल तर गेल्या वर्षीच्या भारतीय स्पर्धांपासून सुरुवात करावी, म्हणजे रकान्याचा पडताळाही घेता येईल.