टिपणांचं स्थलांतर, आठवडा सहावा: ‘पायऱ्या’ सापडल्या

जॉप्लिन, लॉगसेक आणि झिम या टिपणं ठेवायच्या तीन ॲपांतून अखेर जॉप्लिन ठरलं. ऑब्सिडियन मी यादीत घेतलंच नव्हतं. ते फुकट आहे, फाइलीही साध्या मार्कडाउनच्या (खुणा घातलेल्या साध्या टेक्स्टच्या) आहेत, पण सोर्स, म्हणजे प्रोग्रामचा मूळ कोड, खुला नाही. आधीच्या ॲपने एके दिवशी फुकट खात्याची मर्यादा आवळली आणि बारा वर्षांच्या गडभटकंतीच्या नोंदी बाहेर काढण्यात माझे दोन रविवार गेले. त्यामुळे खुल्या सोर्सची अट सोडायची नाही, हे पक्कं होतं.

झिम लवकर बाद झालं. लॅपटॉपवर ते फार सुबक चालतं, प्रत्येक पान म्हणजे एक साधी टेक्स्ट फाइल. पण मोबाइलवर झिम नाही आणि माझी निम्मी टिपणं गडावरच, रेंज नसताना लिहिली जातात. शिवाय पानाचं नाव हेच फाइलचं नाव. लिनक्सच्या एक्स्ट४ या फाइलप्रणालीत फाइलच्या नावाला २५५ बाइटची मर्यादा आहे, आणि देवनागरीत प्रत्येक अक्षराला, मात्रेला, हलन्तालाही तीन-तीन बाइट लागतात. म्हणजे जेमतेम ८५ चिन्हं. मला तर अख्ख्या वाक्याचं शीर्षक द्यायची सवय.

लॉगसेकमध्ये दोन आठवडे मन रमलं होतं. रोजचं पान आपोआप उघडतं, गडाचं नाव दुहेरी चौकटी कंसात टाकलं की त्या गडाच्या पानावर सगळे उल्लेख गोळा होतात. अडलं ते सामान्यरूपापाशी. ‘[[हरिहर]]ला’ चालतं, पण ‘हरिश्चंद्रगडावर’ लिहायचं तर कंसाबाहेरचा काना एकटा पडतो आणि ठिपक्यांच्या वर्तुळावर लटकतो. त्यावर उपाय आहे: [हरिश्चंद्रगडावर]([[हरिश्चंद्रगड]]). मात्र चढताना, एका हाताने, हे दर वेळी कोण टंकणार? आपल्या भाषेत नाम क्वचितच मूळ रूपात राहतं. मराठीत टिपणं ठेवणाऱ्याने ही चाचणी पहिल्याच दिवशी करावी.

जॉप्लिनमध्ये दुवा टिपणाच्या अंतर्गत क्रमांकाला जोडला जातो. दिसणारा शब्द कुठल्याही विभक्तीत ठेवा, पुढे शीर्षक बदला, दुवा तुटत नाही. मोबाइलवर ऑफलाइन लिहिता येतं, घरी आल्यावर नेक्स्टक्लाउड या क्लाउड-साठ्याशी सिंक होतं. एन्क्रिप्शन (टिपणं कुलूपबंद करणं) मात्र आपण स्वतः चालू करावं लागतं. मला खुपणारी गोष्ट एकच: टिपणं सुट्या फाइलींत नसून एसक्यूलाइटच्या डेटाबेसमध्ये राहतात. म्हणून दर महिन्याच्या एक तारखेला सगळं मार्कडाउनमध्ये एक्स्पोर्ट करून वेगळ्या डिस्कवर ठेवते.

आता या आठवड्याची खरी गोष्ट. भाचीला घेऊन हरिहरला जायचं म्हणून जुनं टिपण शोधत होते. ‘पायऱ्या’ टाकलं, एकोणीस टिपणं आली, हरिहरचं त्यात नव्हतंच. ज्या गडाची ओळखच कातळातल्या पायऱ्या, त्याच्याच टिपणात हा शब्द नसेल? जॉप्लिनमध्ये आणण्याआधीच्या मूळ फोल्डरवर ग्रेप (फाइलींत शब्द शोधणारी कमांड) चालवलं, तरी तेच. म्हणजे दोष ॲपचा नव्हता.

हरिहरचं टिपण हाताने उघडलं, तर शब्द होता. दिसायला तंतोतंत तोच. पण आतून वेगळा: मोबाइलच्या कीबोर्डने ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर (युनिकोड या अक्षरसंकेतातला क्रमांक ०९३१) घेऊन त्याला हलन्त जोडला होता, तर जुन्या लॅपटॉपवरच्या कीबोर्डने साधा ‘र’, हलन्त आणि झेडडब्ल्यूजे नावाचं न दिसणारं चिन्ह. युनिकोडला दोन्ही मान्य आहेत, डोळ्यांना फरक कळत नाही, शोधयंत्राला मात्र ते दोन निराळे शब्द वाटतात. दऱ्या, किनाऱ्यावर, दुसऱ्या, सगळ्यांचं हेच झालेलं.

मग जॉप्लिनमधली वही काढून टाकली, मूळ फोल्डरची प्रत घेतली, सेड या शोधून-बदलणाऱ्या एका कमांडने सगळीकडे ‘ऱ्’ हे एकच रूप केलं आणि पुन्हा इम्पोर्ट केलं. दहा-बारा दुवे नव्याने जोडावे लागले, त्यात शनिवारची संध्याकाळ गेली.

काल रात्री परत ‘पायऱ्या’ शोधलं. त्रेपन्न टिपणं. सर्वांत जुनं, बाबांबरोबर केलेल्या हरिहरचं: “उतरताना तोंड कातळाकडे, हात खोबणीत, खाली बघायचं नाही. बाबा पुढे.” ते भाचीला पाठवलं आहे.