वाकडातिकडा पंख वाचायचा कसा

फळमाशीच्या जनुकांच्या नावांनी हमखास फसगत होते. 'विंगलेस' पंख नाहीसे करत असेल, 'नॉच' पंखाला खाचा पाडत असेल, असं वाटतं. खरं तर बहुतेक नावं उलटी पडली आहेत: जनुक बिघडल्यावर माशी जशी दिसली, तेच त्याचं नाव झालं. ब्रेकला 'धडक' म्हणण्यासारखा प्रकार! पण त्याचा एक फायदा आहे. पंख कसा बिघडलाय हे नीट पाहिलं, तर काम कुठल्या टप्प्यावर अडलं याचा बराचसा अंदाज बांधता येतो.

अळीला पंख नसतात, पण पंखाची तयारी अळीतच सुरू असते. शरीराच्या दोन्ही बाजूंना पेशींची एकेक चपटी पिशवी असते, तिला इमॅजिनल डिस्क म्हणतात. सुरुवातीला तिच्यात 30 ते 50 पेशी असतात. 25 अंश सेल्सिअसला चार-पाच दिवसांत, साधारण दहा विभाजनं होऊन, त्या 30 ते 50 हजार होतात. या डिस्कमधून पंखाबरोबर त्याची बिजागरी आणि पाठीचा अर्धा भागही बनतो. हे लक्षात नसेल तर पुढची बरीच लक्षणं कळत नाहीत.

सुरुवात 'ॲप्टेरस'पासून करावी, कारण त्याचं कोडं सगळ्यात सुंदर आहे. पंख वरचा आणि खालचा अशा दोन थरांचा असतो आणि हे जनुक फक्त वरच्या थराच्या पेशींमध्ये चालू असतं. मग ते काढून टाकल्यावर फक्त वरचा थर बिघडायला हवा. प्रत्यक्षात अख्खा पंखच गायब होतो. कारण पंखाची वाढ वरच्या किंवा खालच्या थरावर नाही, दोघांच्या सीमेवर अवलंबून असते. ॲप्टेरस वरच्या पेशींमध्ये 'फ्रिंज' चालू करतं. फ्रिंज हे नॉच प्रथिनावर साखरेचा एक रेणू चढवणारं विकर आहे. साखर चढली की नॉच शेजारच्या पेशींवरच्या दोन इशारा-प्रथिनांपैकी 'डेल्टा'च्या इशाऱ्याला जास्त आणि 'सेरेट'च्या इशाऱ्याला कमी दाद देतो. सेरेट वरच्या पेशींकडून येतो, डेल्टा खालच्यांकडून. परिणामी नॉच जोरात चालू होतो तो फक्त सीमेवरच्या चिंचोळ्या पट्टीत. ती पट्टी म्हणजे पुढे पंखाची कड. सगळ्या पेशी 'खालच्या'च राहिल्या तर सीमा नाही, आणि सीमा नाही तर पंख नाही.

यावरून नॉचची खाच कळते. हे जनुक एक्स गुणसूत्रावर आहे. त्याची एक प्रत गमावलेली मादी जगते, पण पंखाच्या टोकाला आणि कडेला तुकडे कुरतडल्यासारखे दिसतात आणि शिरा जाड होतात. नराकडे दुसरी प्रत नसल्याने तो भ्रूणावस्थेतच मरतो. म्हणजे कडेला खाचा दिसल्या की संशय आधी सीमेच्या यंत्रणेवर घ्यायचा: नॉच, सेरेट, 'कट' किंवा कडेवरचं विंगलेस.

विंगलेसची गोष्ट जरा निराळी. त्याचं मूळ उत्परिवर्तन नवी दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत आर. पी. शर्मा यांना सापडलं आणि 1973 साली जाहीर झालं. जगभर कर्करोगाच्या संशोधनात ज्याची चर्चा होते त्या 'विंट' या जनुकांच्या कुळाच्या नावात या जनुकाचं नाव आहे, हे फार कमी लोकांना ठाऊक असतं. त्या वाणात काही माश्यांना एक पंख नसतो, काहींना दोन्ही नसतात, काही अगदी ठाकठीक दिसतात. पंख नसतो तिथे पाठीचाच भाग आरशातल्या प्रतिमेसारखा दुसऱ्यांदा उगवलेला असतो. विंगलेसचं पहिलं काम डिस्कला 'इथे पंख, तिथे पाठ' हे सांगण्याचं, कडेवरचं काम नंतरचं. जनुक पूर्णच गेलं तर भ्रूण मरतो, पंखापर्यंत गोष्ट जातच नाही. 2014 साली तर विंगलेस प्रथिन पेशीच्या पटलाला बांधून टाकलेल्या माश्या तयार केल्या गेल्या आणि त्यांचे पंख जवळपास नेहमीसारखेच निघाले. हे प्रथिन दूरवर पसरल्याशिवाय पंख होत नाही, ही समजूत त्यामुळे डळमळली.

पुढे-मागे ही दुसरी सीमा. मागच्या पेशींमधलं 'एंग्रेल्ड' तिथे 'हेजहॉग' हे इशारा देणारं प्रथिन तयार करवतं. ते सीमा ओलांडून पुढच्या मोजक्या पेशींपर्यंत पोचतं आणि तिथे 'डीपीपी' हे दुसरं इशारा-प्रथिन चालू होतं. डीपीपी मात्र दोन्हीकडे लांबवर पसरतं. बिघाड वाचताना म्हणून शिरा मोजाव्यात. तिसरी आणि चौथी शीर जवळ आली किंवा एकच झाली, तर हेजहॉगचा इशारा कमी पडलाय. अख्खा पंख अरुंद होऊन दुसरी आणि पाचवी शीर विस्कटली असेल, तर डीपीपीकडे बघा. या दोन्ही सीमांचे निरोप जिथे एकत्र येतात ते जनुक म्हणजे 'व्हेस्टिजियल'. ते 'स्कॅलप्ड'शी जोडी करून पेशीला पंखाची ओळख देतं. भलत्या जागी, पायावर किंवा डोळ्यावर, चालू केलं तर तिथेही पंखाची ऊती उगवते.

प्रत्येक वाकडा पंख मात्र या यादीत बसवू नये. पंखावर पाण्याचा फोड दिसत असेल, तर दोन थरांना चिकटवून ठेवणाऱ्या इंटेग्रिनचा दोष असू शकतो, तो कोषातल्या टप्प्यावरचा आहे. कोषातून निघाल्यावर पंख चुरगळलेलाच राहिला, तर तो वाढला बरोबर, उलगडला नाही. तिथे बर्सिकॉन संप्रेरक तपासावं, किंवा माशी ओल्या खाद्याला चिकटली होती का तेही. माश्या निवडताना खूण म्हणून वापरल्या जाणाऱ्या 'कर्ली' (वळलेल्या) पंखांच्या वाणांना 18 अंशांत वाढवलं तर पंख सरळ निघू शकतात आणि निवड चुकते.

पंख लहान निघाला तर आधी केस मोजा. पंखाच्या प्रत्येक पेशीवर एकच केस असतो. ठरावीक चौकोनात केसांची संख्या नेहमीइतकीच असेल तर पेशी कमी आहेत, जास्त असेल तर पेशी लहान आहेत. तुलना एकाच लिंगाच्या, एकाच तापमानाच्या आणि गर्दी नसलेल्या बाटलीतल्या माश्यांची करावी. मादीचा पंख मुळातच मोठा असतो, थंडीत वाढलेल्या माशीचाही मोठा होतो, आणि उपाशी अळ्यांचा लहान. या एका चुकीने कितीतरी 'परिणाम' जन्माला येतात.

गॅल-4 (ठरावीक पेशींमध्ये हवं ते जनुक चालू करणारं प्रथिन) वापरून आरएनएआय (जनुकाचं काम दाबण्याची पद्धत) करताना 29 अंशांत परिणाम वाढतो, कारण गॅल-4 तिथे जास्त जोमाने चालतं. 'एमएस 1096' हा गॅल-4 असलेला लोकप्रिय वाण वापरणार असाल तर नुसत्या त्या वाणाचे पंख आधी बघा. त्यातला गॅल-4चा तुकडा बीडेक्स या जनुकातच बसलेला आहे आणि बीडेक्स ॲप्टेरसच्या कामात अडथळा आणतं. वाण एक्सवर असल्याने नरांमध्ये परिणाम जास्त उठून दिसतो, म्हणून नर-मादी एकत्र मोजू नयेत.

डिस्क काढायची तर खाद्य सोडून भिंतीवर चढलेली अळी घ्यावी. थंड पीबीएसमध्ये (मिठाच्या सौम्य द्रावणात) दोन बारीक चिमट्यांनी मागचा अर्धा भाग तोडा, तोंडाचे हूक धरून पुढचा भाग मोज्यासारखा उलटा करा. चरबी आणि आतडं काढा, डिस्क श्वासनलिकेला लटकलेली राहू द्या. 4 टक्के फॉर्माल्डिहाइडमध्ये 20 मिनिटं, मग ट्रायटन (साबणासारखा पदार्थ) घातलेल्या पीबीएसमध्ये तीन धुण्या. सुटी डिस्क अगदी शेवटी, स्लाइडवर काढावी. आधी सुटी केली की ती पिपेटच्या टोकाला चिकटून नाहीशी होते. हॉल्टिअरची (पंखामागच्या तोल सांभाळणाऱ्या लहान अवयवाची) डिस्क तिच्या शेजारीच असते आणि आकाराने लहान असते, घाईत तीच पंखाची म्हणून रंगवली जाते.

हॉल्टिअर हा खरं तर मागचा पंखच. 'अल्ट्राबायथोरॅक्स' हे जनुक त्याला पंख होऊ देत नाही. एडवर्ड लुईस यांनी त्या जनुकाच्या नियंत्रणातले बिघाड एकत्र करून चार पंखांची माशी तयार केली. 1995 च्या नोबेलमागे त्यांचं हेच जनुकसमूहावरचं काम होतं. लाल पिठभुंग्यात तेच जनुक दाबलं तर मागचा पातळ पंख पुढच्यासारखा कडक कवच होतो.

पंख असणं-नसणं परिस्थितीवरही सोडलेलं असतं. तपकिरी तुडतुड्यात इन्सुलिनचा निरोप घेणारी दोन प्रथिनं, म्हणजे दोन ग्राही, उलट दिशांना ओढतात. पहिला चालला तर लांब पंख येतात. दुसरा त्याला अडवतो आणि पंख आखूड राहतात. मुंग्यांच्या राणीत हीच पंखजनुकं शेवटपर्यंत चालतात, कामकरी मुंग्यांत ती मध्येच थांबवली जातात. 2002 साली निरनिराळ्या जातींच्या कामकरी मुंग्या तपासल्या, तेव्हा दिसलं की हे थांबवणंही प्रत्येक जातीत साखळीच्या वेगळ्या कडीवर होतं.