पाऊस गेल्यानंतरचं टेरेस अपडेट, आणि नवीन सुरू करणाऱ्यांसाठी थोडं

पाऊस एकदाचा थांबला, टेरेसवर परत ऊन यायला लागलं आणि सगळ्या कुंड्या नव्यानं भरून झाल्यात. मेथी, पालक वर आलेत, कोथिंबीर आत्ता कुठं डोकं काढतेय, टोमॅटोला फुलं लागलीत, वांगी अजून लहान आहेत, आणि मांडवावरचा दोडका पावसाळ्यापासून चालूच आहे, तो काय थांबायचं नाव घेईना. आपल्यातले चार-पाच जण यंदा पहिल्यांदाच गच्चीवर भाजी लावणार आहेत म्हणून जरा सविस्तर लिहितोय, जुन्या लोकांनी भर घालावी.

माझं एकच ठाम मत आहे. बेळगावात पहिली बाग मृगाला लावू नका, दसऱ्याला लावा. शेतकरी मृगाला पेरतो म्हणून आपण पण जूनमध्ये उत्साहानं कुंड्या आणतो, पण शेताचं गणित वेगळं आणि गच्चीचं वेगळं. आपलं गाव साधारण ७५० मीटर उंचीवर, सह्याद्रीला अगदी लागून, जुलै-ऑगस्टमध्ये झड लागली की आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही, कुंडीतलं खत खालच्या भोकातून धुऊन जातं, कोवळी रोपं बुंध्यात कुजून आडवी पडतात आणि नवा माणूस म्हणतो माझ्या हाताला गुणच नाही. हाताचा काही संबंध नसतो ओ, ऊन नसतं एवढंच. ऑक्टोबर ते फेब्रुवारी मात्र इथली हवा भाजीसाठी सोन्यासारखी, दिवसा ऊन, रात्री गारवा, कोबी-गाजर-मटार सगळं येतं. आणि बघा, नवरात्रात आपण घरोघरी घटाभोवती धान्य पेरतोच की, ते पाच-सहा दिवसात कसं हिरवंगार होतं, त्याच हवेत मेथी पण तशीच येते.

हे बेळगाव शहर, येळ्ळूर, हिंडलगा या पट्ट्याचं झालं. खानापूरच्या पुढं जांबोटी-कणकुंबीकडं पाऊस अजून जास्त, तिकडं दसऱ्यानंतर सुद्धा माती वाळायला वेळ द्यावा लागतो. उलट अथणी, रायबागकडं पाऊस कमी, त्या लोकांनी जून-जुलैमध्ये सुरू केलं तरी चालतंय, त्यांची अडचण मार्चनंतरच्या उन्हाची.

आता माती. यावर जेवढा वेळ घालवाल तेवढा कमीच. आपल्याकडची तांबडी माती दिसायला सुंदर, पण नुसतीच कुंडीत भरली की महिन्याभरात विटेसारखी घट्ट होते आणि पाणी वरच्या वर कडेनं वाहून जातं. मी दोन भाग तांबडी माती, एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत, एक भाग भाताचं तूस असं धरतो. तूस आपल्याकडच्या राईस मिलवर पोत्यानं मिळतं, कोकोपीटपेक्षा कितीतरी स्वस्त. फक्त कच्चं तूस जास्त घालू नका, ते कुजताना मातीतला नत्र ओढतं आणि पानं पिवळी पडतात. अर्धवट जाळून काळं केलेलं मिळालं तर फारच छान. शेणखत कुजलंय की नाही हे नाकानंच कळतं, शेणाचा वास येत असेल तर अजून थांबा, पावसाळी मातीसारखा वास आला की वापरा. सगळं मिसळून थोडं ओलं करायचं आणि मुठीत दाबायचं. मूठ उघडल्यावर गोळा राहिला पाहिजे, आणि अंगठ्यानं टोचल्यावर फुटला पाहिजे. फुटलाच नाही तर तूस वाढवा, गोळाच होत नसेल तर माती वाढवा. निपाणी-चिकोडीकडं काळी माती आहे त्यांनी माती निम्मीच घ्यावी, ती ओली झाली की फुगते आणि वाळली की भेगा पडून मुळं तुटतात. साखर कारखान्याची कुजलेली मळी, म्हणजे उसाचा रस गाळल्यावर उरलेला गाळ, ज्यांना जवळ मिळते त्यांनी शेणखताच्या जोडीला जरूर घ्या, पण ताजी गरम मळी अजिबात नको.

कुंडीचं थोडक्यात सांगतो. पालेभाजीला सहा-आठ इंच खोली बास, जुने क्रेट, घमेली, पेंटच्या बादल्या काहीही चालतंय, मिरचीला बारा इंच, टोमॅटो-वांग्याला पंधरा. तेलाचा पत्र्याचा डबा उन्हात फार तापतो, वापरलात तर सावलीच्या बाजूला ठेवा. खाली भोकं हवीतच आणि प्रत्येक कुंडीखाली विटा ठेवा, स्लॅब ओला राहिला की घरातलेच पहिले विरोधात जातात. ओल्या मातीचं वजन भरपूर असतं, मोठ्या कुंड्या भिंतीच्या किंवा बीमच्या वरच ठेवायच्या, मधोमध नाही.

पहिल्या वर्षी काय लावायचं? मेथी, पालक, लाल माठ, पुदिना, कडीपत्ता, दोन मिरच्या. एवढंच. मेथी तीन-चार दिवसात उगवते आणि तीन-साडेतीन आठवड्यात कापायला येते, त्यामुळं उत्साह टिकतो. टोमॅटो-वांगी पुढच्या वर्षी, किंवा मेथी एकदा खाऊन झाली की. आणि सगळी मेथी एकदम पेरू नका, दर आठवड्याला एक घमेलं पेरा, म्हणजे पानात सारखी येत राहते.

कोथिंबिरीबद्दल सगळे विचारतात की उगवतच नाही. धण्याचा एक गोल दाणा म्हणजे दोन बिया चिकटलेल्या असतात. पोळपाटावर पसरून वरनं लाटणं हलकंच फिरवायचं, दाणा दोन फाकांत उघडला की बास, पीठ करायचं नाही. मग रात्रभर पाण्यात, सकाळी फडक्यात निथळून पेरायचं, वर अर्धा इंच माती. आठ-दहा दिवस काहीच दिसत नाही, कधी त्याहून जास्त, लोक तिथंच कंटाळतात आणि उकरून बघतात. उकरू नका, वरची माती फक्त ओली ठेवा. रोपं उपटून दुसरीकडं लावायच्या भानगडीत पण पडू नका, तिला ते सोसत नाही. मार्चनंतर ऊन वाढलं की ती लगेच फुलावर जाते, त्यामुळं आत्ताच भरपूर करून घ्या.

पुदिना बाजारातल्या जुडीतूनच करा. जाड काड्या निवडायच्या, खालची पानं काढून पाण्याच्या ग्लासात ठेवायच्या, आठवड्याभरात पांढरी मुळं सुटतात. त्याला वेगळी रुंद कुंडी द्या, दुसऱ्यांबरोबर लावला की सगळी जागा खातो. गवती चहा आणि पानओवा कुणाच्याही परसात असतोच, मागून आणा, कुणी नाही म्हणत नाही. कडीपत्ता पहिलं वर्षभर हट्टी असतो, वाढतच नाही असं वाटतं, त्याचे शेंडे खुडत राहायचं म्हणजे फांद्या फुटतात, आणि कोवळा असताना फुलं आली तर काढून टाकायची.

दोडक्याचं मुद्दाम सांगतो कारण मला त्यात सगळ्यात जास्त आनंद मिळतो. फुलं भरपूर येतात आणि दोडके बोटाएवढे होऊन पिवळे पडतात ही तक्रार सगळ्यांची. टेरेसवर किडे कमी पोचतात म्हणून परागीकरण आपणच करायचं, पण सकाळी जाऊन उपयोग नाही, दोडक्याचं फूल संध्याकाळी उमलतं. घोसाळं सकाळी आणि दोडका संध्याकाळी, एवढं लक्षात ठेवा. नर फुलं झुपक्यानं येतात, मादी फूल एकटं असतं आणि त्याच्या मागं करंगळीपेक्षा बारीक, शिरा असलेला छोटा दोडका आधीच दिसतो. नर फूल तोडायचं, पाकळ्या मागं करायच्या आणि मधला पिवळा भाग मादी फुलाच्या मधोमध हलकेच टेकवायचा. लागलं की दोन-तीन दिवसात फळ फुगलेलं दिसतं. एक दोडका वेलावरच वाळू द्यायचा, हलवल्यावर आत खुळखुळ वाजला की बी तयार. आणि दोडका असो की दुधी, कडू लागला तर सरळ टाकून द्या, तो पोटाला बाधतो.

भेंडीला बंगळूरच्या बागायती संशोधन संस्थेची अर्का अनामिका ही जात घ्या, पानं पिवळी पाडणाऱ्या हळद्या रोगाला तोंड देईल अशी काढलेली आहे आणि बी धरून ठेवता येतं. अर्का रक्षक टोमॅटो पण त्यांचाच, जोमदार आहे, पण तो हायब्रीड, त्याचं बी धरून पुढच्या वर्षी तसाच टोमॅटो मिळणार नाही.

खताला मी जीवामृत करतो. वीस लिटर पाणी, एक किलो ताजं शेण, एक लिटर गोमूत्र, दोनशे ग्रॅम गूळ, दोनशे ग्रॅम बेसन, आणि झाडाखालची मूठभर माती. सावलीत दोन दिवस, सकाळ-संध्याकाळ ढवळायचं, आठवड्याच्या आत संपवायचं. कुंडीत देताना दहापट पाणी घालून देतो. कीड आली की आधी पानं उलटी करून बघा, मावा तिथंच बसतो. आणि मिरचीवर मुंग्यांची रांग चढताना दिसली तर समजा वर मावा आहे, मुंग्या त्याच्या गोड चिकटासाठी त्याला जपतात. आधी पाण्याचा जोरात फवारा, मग लिटरला पाच मिली निंबोळी तेल आणि साबणाचे दोन-चार थेंब, संध्याकाळीच मारायचं, उन्हात मारलं की पानं करपतात.

पुढच्या महिन्यात गाजर, मुळा पेरणार आहे, आणि वळीव झाला की हळद, आलं. एक मागणं आहे. संकेश्वरी मिरचीचं जुनं, घरी धरलेलं बी हवंय, हुक्केरी, गडहिंग्लज भागात कुणाच्या घरी अजून असेल तर सांगा. बाजारातल्या वाळक्या मिरचीचं बी टाकून बघितलं तर उगवलं थोडंच, आणि जात एकसारखी नव्हती. बदल्यात दोडक्याचं आणि लाल माठाचं बी देतो, भरपूर आहे.